६२ स्लाइडचा कोर्स माणसांत आणताना

ऑनलाइन प्रशिक्षण कंटाळवाणं झालं की पहिला उपाय ठरलेला असतो: थोडं ॲनिमेशन घाला, पार्श्वसंगीत टाका, कोपऱ्यात हेल्मेट घातलेलं कार्टून उभं करा. कोर्स रंगीत होतो. कोरडा तो कोरडाच राहतो. कारण शिकणाऱ्याच्या हातात 'पुढे' हे एकच बटण असतं आणि ते दाबायला डोकं लागत नाही. कोर्समध्ये त्याला काही ठरवावं लागलं, आणि त्या ठरवण्याचा काही परिणाम दिसला, तर साध्या पांढऱ्या स्लाइडवरही तो थांबतो. खालची सगळी कृती याच एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण म्हणून एकच कोर्स धरू: भोसरीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्याचा 'लॉकआउट-टॅगआउट'. म्हणजे यंत्रात हात घालण्याआधी त्याची वीज, हवा, तेलाचा दाब तोडायचा, तिथं स्वतःचं कुलूप लावायचं आणि मगच कामाला लागायचं. ६२ स्लाइड, प्रत्येकीवर आठ-दहा ओळी, शेवटी १५ प्रश्न. हिंजवडीत बसून सायबर सुरक्षेचा किंवा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कोर्स करणाऱ्यांनाही कृती हीच लागू पडते, फक्त यंत्राच्या जागी ईमेल किंवा मीटिंग येते.

आधी शॉपफ्लोअरवर, मग संगणकापाशी

दोन दिवस राखून ठेवा आणि तिघांना गाठा: मेंटेनन्सचा फिटर, शिफ्टचा सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर. 'कोर्समध्ये काय हवं?' असं विचारू नका. विचारलंत तर ६२ च्या ७० स्लाइड होतील. 'गेल्या वर्षभरात कुठली चूक परत परत झाली? ती करणारा माणूस त्या वेळी कसल्या घाईत होता?' असं विचारा. जोडीला निअर-मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर चाळा. शक्य असेल तर दुसऱ्या शिफ्टला एक तास उभे राहा. सकाळच्या शिफ्टला साहेब हिंडत असतात, त्यामुळे सगळे नियमानं वागतात.

जे कळेल ते पाच रकान्यांत लिहा: कोण, केव्हा, काय करायला हवं, प्रत्यक्षात काय करतो, का करतो. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. समजा, कन्व्हेयरमध्ये पट्टी अडकली की ऑपरेटर इमर्जन्सी स्टॉप दाबून सरळ हात घालतो. का? इमर्जन्सी दाबली की यंत्र मेलं, असं त्याला वाटत असेल तर ती समजुतीची चूक आहे आणि तिला कोर्स लागतो. पण कुलपांची पेटी शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि चावी सुपरवायझरच्या खिशात असेल, तर कोर्सनं काहीही बदलणार नाही. पेटी हलवायला सांगा. निम्म्या तक्रारी इथंच निकालात निघतात. हे ऐकायला प्रशिक्षण विभागाला आवडत नाही, पण महिनाभराचं काम वाचतं.

छाटणी

६२ स्लाइड एका पानावर सहा अशा छापा. अकरा पानं होतील. ती टेबलावर मांडा आणि पेन्सिलनं प्रत्येक स्लाइडवर तीनपैकी एक खूण करा: 'करायचं', 'लागलं तर बघायचं', 'टाकायचं'. कसोटी अशी: ही माहिती नसेल तर माणूस उद्या कामावर काय चुकेल? उत्तर सुचलं नाही तर ती 'करायचं'मध्ये जात नाही. कंपनीचा इतिहास, संचालकांचा संदेश, 'या प्रशिक्षणाची उद्दिष्टे' आणि व्याख्यांच्या चार स्लाइड टाकायच्या. यंत्रागणिक आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य खटका) कुठं आहे, कुलपांचे रंग, फॉर्मचा नमुना हे 'लागलं तर बघायचं'. त्याचं एक पानी पत्रक करा आणि पॅनेलच्या दारावर चिकटवा. ६२ मधून 'करायचं'ची १२-१५ उरली तर छाटणी बरोबर झाली. ३० उरली तर तुम्ही मोह आवरला नाही.

इथं सेफ्टी ऑफिसर हमखास म्हणणार, 'ऑडिटला विचारलं तर?' भीती रास्त आहे. संपूर्ण धोरणाची पीडीएफ कोर्सच्या शेवटच्या पडद्यावर जोडा, 'वाचलं, समजलं' याची नोंद घ्या, आणि प्रत्येक निर्णयाचं उत्तर तारखेसह साठवा. १५ पाठांतराच्या प्रश्नांपेक्षा ही नोंद जास्त बोलकी असते.

कायद्याच्या कोर्समध्ये छाटणी म्हणजे कलमं उडवणं नव्हे. कलम प्रसंगात बसवायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, हे विचारून काय साधतं? त्याऐवजी विचारा: 'प्रसंग घडून अडीच महिने झाले. सहकारी म्हणते, आता काय उपयोग, उशीर झाला. तुम्ही काय सांगाल?' तक्रारीची मुदत तीन महिने आहे, आणि सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. हे उत्तर शोधतानाच ते डोक्यात बसतं. तसंच दहा माणसांचा मुद्दा: 'आपल्या शाखेत बाराच जण आहेत, समिती कशाला?' असं एखाद्या व्यवस्थापकाच्या तोंडी घाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते, हे त्याला उत्तर देताना येऊ द्या.

प्रसंग लिहिणं

लेखाचा गाभा हा आहे, म्हणून इथं वेळ द्या. एका प्रसंगाला चार गोष्टी लागतात: एक माणूस, एक ताण, तीन पटण्याजोगे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाचा परिणाम. ताण नसेल तर तो प्रसंग उरत नाही, प्रश्नपत्रिका होते. आणि ताण स्थानिक हवा. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणजे बुधवारी रात्री माल बाहेर काढायची घाई असते. ती वापरा:

*बुधवार, रात्रीचे ११.४०. कन्व्हेयरच्या रोलरमध्ये पट्टी अडकली आहे. गणेशनं इमर्जन्सी स्टॉप दाबला. सुपरवायझर लांबूनच ओरडतो, 'गण्या, उद्या सुट्टी आहे, गाडी दारात उभीय. दोन मिनिटांचं काम, काढ की पटकन!' गणेशनं काय करावं?*

*अ) इमर्जन्सी दाबलेलीच आहे. पकडीनं पट्टी ओढून काढावी, हात आत घालू नये.*
*ब) आयसोलेटर बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावावं.*
*क) आयसोलेटर बंद करून सचिनला पॅनेलपाशी राखणीला उभं करावं.*

तिन्ही पर्याय कुणीतरी खरोखर करतं. चुकीचे पर्याय घरी बसून सुचत नाहीत, ते त्या पाच रकान्यांतून उचलायचे. 'सुरक्षेकडे दुर्लक्ष करून काम चालू ठेवावं' असला पर्याय लिहिलात तर उत्तर न वाचताच कळतं. दुसरी चोरखूण म्हणजे लांबी. लिहिणारा नकळत बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि काळजीपूर्वक लिहितो, आणि चार प्रश्नांत लोकांना हे गुपित कळतं. म्हणून वरचा 'ब' मुद्दाम आखूड ठेवला आहे. 'वरील सर्व' हा पर्याय कायमचा हद्दपार करा.

आता परिणाम. 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' हा परिणाम नव्हे. 'अ' निवडला तर असं दाखवा: *पट्टी सुटली. पण इमर्जन्सीनं फक्त मोटर थांबली होती, सिलिंडरमध्ये हवेचा दाब तसाच होता. अडथळा निघताच पुशर (माल ढकलणारा दांडा) पुढं आला आणि पकड हातातून उडाली.* 'क' निवडला तर: *पट्टी निघाली, काही झालं नाही. पुढच्या बुधवारी गणेशनं तेच केलं. त्या दिवशी सचिनला शेजारच्या लाइनवर हाक आली, आणि पॅनेलपाशी दुसराच माणूस येऊन उभा राहिला.* एवढ्यावर थांबा. त्या माणसानं काय केलं हे सांगू नका.

इथला बारकावा असा की चुकीच्या वागण्याचा परिणाम बहुतेक वेळा काहीच नसतो. म्हणून तर ती सवय होते. तुमच्या कोर्समध्ये प्रत्येक चुकीला हात तुटत असेल तर वीस वर्षं यंत्रावर काढलेला माणूस मनात हसतो आणि पुढचं काहीच खरं मानत नाही. तीन चुकांपैकी एकीत 'काही झालं नाही' असू द्या, आणि नशीब कुठं संपतं ते दाखवा.

'ब' निवडणाऱ्यालाही लगेच शाबासकी देऊ नका. त्याला पुढचा निर्णय द्या: कुलूप लागलं, आता? अडकून राहिलेली हवा सोडायची, आणि मग इमर्जन्सी सोडवून, स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच सुरू होत नाही ना हे बघायचं. ही शेवटची खात्री सगळ्यात जास्त वगळली जाते. चुकीच्या यंत्राचा आयसोलेटर बंद केला असेल तर तो इथंच सापडतो.

फाटे किती फोडायचे? तीन निर्णय, प्रत्येकी तीन पर्याय, आणि प्रत्येक फांदी वेगळी चालवली तर २७ शेवट लिहावे लागतात. तिथंच प्रकल्प मरतो. त्याऐवजी परिणाम दाखवून सगळ्यांना पुढच्या निर्णयापाशी परत आणा. मग तीन प्रश्नांचे आणि नऊ परिणामांचे मिळून बाराच पडदे होतात. आराखडा आधी कागदावर किंवा ट्वाइन या मोफत साधनात करा. तिथं चित्रं लागत नाहीत, त्यामुळे प्रसंग नुसत्या शब्दांवर उभा राहतो की नाही ते लगेच कळतं. असे चार प्रसंग म्हणजे साधारण २० मिनिटांचा कोर्स. एका माणसाला लिहायला आठवडा पुरतो.

भाषा

बहुतेक कोर्स इंग्रजीतून किंवा हिंदीतून उतरवलेले असतात आणि तिथंच वाळतात. 'कृपया सुनिश्चित करा की यंत्र ऊर्जामुक्त आहे' असं मराठी कुणी बोलत नाही. 'यंत्र खरंच बंद आहे ना, बघून घ्या' असं लिहा. आयसोलेटर, व्हॉल्व्ह, पॅनेल, शिफ्ट हे शब्द तसेच ठेवा. 'विलगक' लिहिलंत तर फिटर शेजाऱ्याला विचारील. प्रसंगातली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशी बोलू द्या, निवेदनात 'तुम्ही' वापरा. 'आपण' लिहिलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी हिंदीची वेगळी आवृत्ती करा. दोन्ही भाषा एका पडद्यावर आणल्या की दोघंही वाचत नाहीत.

आवाज देणार असाल तर पडद्यावर तोच मजकूर ठेवू नका. डोळे आवाजाच्या पुढं पळतात आणि मग दोन्हीकडचं निसटतं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हा मुद्दा चांगला मांडला गेला आहे. पडद्यावर चित्र किंवा दोन-तीन शब्द, आणि बाकीचं आवाजात. सबटायटल मात्र द्या, चालू-बंद करता येतील अशी. कंपनीच्या बसमध्ये आवाज बंद करून कोर्स उरकणारे पुष्कळ असतात. संहिता मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या हिशेबानं लिहा.

माणसाऐवजी संगणकाकडून मजकूर वाचून घेणार असाल तर च, ज, झ जपा. मराठीत यांचे उच्चार दोन-दोन. 'चाक', 'जड', 'झडप' हे शब्द संगणक बऱ्याचदा हिंदीच्या वळणानं वाचतो, आणि तेवढ्यानं ऐकणारा दुरावतो. पूर्ण फाइल एकदा कान देऊन ऐका. खटकलेला शब्द बदला किंवा तेवढं वाक्य माणसाकडून वाचून घ्या.

फॉन्टचं एक जुनं दुखणं आहे. जुने मजकूर श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेले असतात. ते आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर मोबाइलवर नुसता कचरा दिसतो. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार पुन्हा तपासा, 'ऱ्य' तर नक्कीच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालतो. अक्षर निदान १८ पिक्सेल आणि दोन ओळींतलं अंतर दीडपट. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात हे अंतर कमी असतं, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

व्हिडिओ, आणि त्याची मर्यादा

जे हातानं करायचं असतं तेवढ्यासाठीच व्हिडिओ. कुलूप हास्पमध्ये (कुलपं अडकवायच्या कडीत) कसं बसतं, हवा कुठून सोडायची. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढं गेला नाही. ते तर स्वेच्छेनं शिकायला आलेले लोक होते. सक्तीच्या कोर्सला दोन ते तीन मिनिटं पुष्कळ झाली.

कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून धरा, म्हणजे बघणाऱ्याला हात आपल्याच बाजूनं दिसतात. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटतं आणि व्हॉल्व्ह फिरवण्याची दिशा चुकते. फोन आडवा आणि स्टँडवर. आवाज जागेवर घेऊ नका, प्रेसच्या धडधडीपुढं कुठलाही माइक हरतो. गाडीत बसून काचा लावून फोनमध्येच निवेदन बोला, ते स्टुडिओच्या बरंच जवळ जातं. चित्रीकरणाची लेखी परवानगी घ्या, आणि ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्टवरचा नंबर चौकटीत येत नाही ना ते पाहा. ७२० पिक्सेलचा व्हिडिओ सेकंदाला एक मेगाबिटनं साठवला तर तीन मिनिटांचे साधारण २३ एमबी होतात, कँटीनमधल्या नेटवर तेवढं चालतं.

जोडणी करताना

कोर्स चालवायला मूडल ही प्रणाली असेल तर तिच्यात चालणाऱ्या एच-फाइव्ह-पी या साधनातला 'ब्रँचिंग सिनारिओ' हा प्रकार वरच्या रचनेला नेमका बसतो. विकतची साधनं असतील तर उत्तमच, पण त्यांच्यावाचून अडत नाही. खरी डोकेदुखी स्कॉर्मची, म्हणजे कोर्स आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या मानकाची. स्कॉर्म १.२ मध्ये शिकणारा कुठवर आला हे साठवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. लांब कोर्समध्ये ती भरते. मग माणूस दुसऱ्या दिवशी उघडतो तर पहिल्या पडद्यावर, आणि अहवालात 'अपूर्ण'. यावर उपाय दोन: कोर्सचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, किंवा प्रणालीला चालत असेल तर स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती घ्या, तिथं मर्यादा ६४,००० आहे. तुकडे करणं केव्हाही बरं.

'पूर्ण' ही नोंद शेवटच्या निर्णयाला जोडा, शेवटची स्लाइड पाहण्याला नको. आणि 'पुढे' बटणाला ४० सेकंदांचं कुलूप घालू नका. लोक ती खिडकी मागं टाकून दुसरं काम करतात. तुमच्या अहवालात वेळ उत्तम दिसतो आणि डोक्यात काही गेलेलं नसतं. बिल्ले आणि गुणतक्ते यांचंही तसंच. ते भराभर बटणं दाबणाऱ्याला वर चढवतात. सुरक्षेच्या कोर्समध्ये तर नकोतच.

दरवर्षी तोच कोर्स करावा लागणाऱ्यांसाठी सुरुवातीलाच तीन निर्णय ठेवा. तिन्ही बरोबर आले तर त्या माणसाला थेट नव्या भागाकडे जाऊ द्या. ज्याला येतं त्याला वीस मिनिटं बसवून ठेवणं हेच कंटाळ्याचं सगळ्यात मोठं कारण असतं.

नंतरचे तीस दिवस

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता: सुरुवातीला झपाट्यानं, मग हळूहळू. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून सांगणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणून कोर्स संपला की दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी शिफ्टच्या व्हॉट्सॲप गटावर एकेक प्रसंग टाका. नवा हवा, आधीचाच नको. उदाहरणार्थ, पॅनेलवर लटकणाऱ्या दोन कुलपांचा फोटो आणि एक ओळ: 'एकाचा मालक शिफ्ट संपवून घरी गेला. लाइन सुरू करायची आहे. काय कराल?' उत्तर संध्याकाळी द्या. दुपारभर जी वादावादी होते, तीच खरी उजळणी.

सगळ्यांना पाठवण्याआधी

पाच माणसं निवडा, त्यांत एक नवखा आणि एक निवृत्तीला आलेला हवाच. त्यांना त्यांच्याच फोनवर कोर्स करू द्या. शेजारी बसा आणि गप्प राहा. मदत करायला तोंड उघडलंत की चाचणी संपली. कुठं परत वर जाऊन वाचलं, कुठं हसू आलं, कुठं 'म्हणजे काय?' असं पुटपुटलं, तेवढं लिहा. पाचपैकी दोघं एकाच जागी अडले तर दोष त्या वाक्यात आहे.

कोर्स सुरू झाल्यावर ताऱ्यांची मतं बाजूला ठेवून दोन गोष्टी बघा. पहिली: कुठला पर्याय किती जणांनी निवडला. जो चुकीचा पर्याय शंभरात एकही निवडत नाही तो नकली आहे, काढा आणि फिटरला विचारून दुसरा घाला. ज्यावर निम्मे लोक फसतात तो सुपरवायझरच्या सकाळच्या बैठकीत न्या. दुसरी गोष्ट कारखान्यातच आहे: मेंटेनन्सची जॉबकार्डं आणि कुलपांच्या पेटीचं रजिस्टर. महिन्यात ४० कामं झाली आणि कुलपं ११ वेळाच बाहेर निघाली, तर पुन्हा त्या पाच रकान्यांपाशी या, आणि आधी बुधवार रात्रीच्या नोंदी काढा.